शंभर फ्लॅटच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत: दारातल्या डब्यापासून चाळणीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात १०० फ्लॅटची सोसायटी, चार विंग, मागच्या कुंपणालगत रिकामी जागा. ओला कचरा आवारातच जिरवायचा असं सर्वसाधारण सभेत ठरलं आहे. कमिटीच्या हातात कंपोस्टिंग मशीनची दोन दरपत्रकं आहेत. मशीन घ्यावं की विटांच्या टाक्या बांधाव्यात, घरोघरचा कचरा रोज गोळा कसा करावा आणि वास-अळ्यांचा त्रास होऊ नये म्हणून काय करावं?

दरपत्रकं तूर्त बाजूला ठेवा. हवा आणि ओल बरोबर असली की जिवाणू आपलं काम करतातच, त्यासाठी भारी यंत्र लागत नाही. सोसायट्यांचे जे प्रकल्प वर्षभरात बंद पडतात, त्यांच्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं: दारातून येणारा कचरा नीट वेगळा झालेला नसतो, नाहीतर पावसाळ्यात ओल्यात मिसळायचा कोरडा माल, म्हणजे वाळकी पानं किंवा भुसा, संपलेला असतो. या दोन गोष्टींची सोय आधी लावा, टाकी किंवा मशीन त्यानंतर.

सुरुवात वजनापासून करा. चार माणसांच्या घरातून रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. ६०० ग्रॅम धरले तर १०० घरांचे ६० किलो. पण अंदाजावर बांधकाम काढू नका. पन्नास किलोचा लटकता काटा आणून सलग सात दिवस वजन करा म्हणजे त्यात रविवारही येईल, कारण रविवारचा आणि बुधवारचा कचरा सारखा नसतो. शिवाय मे महिन्यात आंब्याच्या साली-कोयी आणि कलिंगडाच्या फोडींनी हा आकडा सहज वाढतो, गणपतीत दूर्वा, पत्री आणि केळीचे खांब येतात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचा ढीग लागतो. रोजच्या सरासरीला पुरेल एवढीच क्षमता ठेवली तर या दिवसांत सगळं तुंबतं. पाव हिस्सा जास्तीची जागा हाताशी हवी.

कायद्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते ठरवलं, पण हे १०० किलो ओला, सुका असा सगळा कचरा मिळून आहेत. ‘आमचा ओला कचरा ६० किलोच आहे, आम्हाला लागू नाही’ असं म्हणून स्वस्थ बसू नका. त्याच नियमांत ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्य तितका आतच जिरवावा असंही होतं. आजचा निकष वॉर्ड ऑफिसातून लेखी घ्या आणि त्याच फेरीत मिळकत करातल्या सवलतीची चौकशी करा. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सवलत देत आली आहे. प्रकल्प तपासणीच्या दिवशी प्रत्यक्ष चालू दिसला पाहिजे. टाकीत जुनी माती भरून ठेवलेली चालत नाही आणि चालूही नये.

आता मशीनचं. ‘२४ तासांत खत’ असं ज्या यंत्राबद्दल सांगतात, ते मुख्यतः कचरा तापवून वाळवतं आणि त्याचा भुगा करतं. हिशेब सोपा आहे. ओल्या कचऱ्यात साधारण ७५ टक्के पाणी असतं, म्हणजे ६० किलोत ४५ लिटर. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६३ युनिट वीज लागते. भुग्यात राहणारी थोडी ओल सोडून त्यातलं ४३ लिटर पाणी उडवायचं तर रोजची २७ युनिट ही निसर्गाची किमान किंमत झाली, महिन्याला ८०० च्या वर. यंत्रातून वाया जाणारी उष्णता, मोटर आणि ब्लोअर यांचा खर्च वेगळा. आणि हाती येतो तो तपकिरी भुगा म्हणजे वाळलेलं अन्न. कुंडीत घालून पाणी दिलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी येते, वास सुटतो आणि रोपाची मुळं जळतात, कारण कुजण्याचं काम तिथे नव्यानं सुरू होतं. तो भुगा आणखी महिनाभर तरी ओलवून, हलवून मुरवावा लागतो. म्हणजे टाकी चुकत नाहीच. जागाच नसेल, सगळं आवार पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर असेल, तर मशीनचा विचार जरूर करा, पण मुरवण्याची जागा आणि विजेचं बिल धरून. दुसरा प्रकार कचरा कापून त्यात लाकडाचा भुसा मिसळणाऱ्या यंत्राचा. मिसळलेला माल क्रेटमध्ये भरून मांडणीवर मुरवत ठेवतात. तो प्रकार बरा, पण त्याला भुसा सतत विकत घ्यावा लागतो. तुमच्याकडे कुंपणालगत जागा आहे, तेव्हा माझा कौल विटांच्या जाळीदार टाक्यांना.

गोळा करणं

घरात झाकणाचा १० लिटरचा एक डबा ओल्या कचऱ्यासाठी. त्यात प्लॅस्टिकची पिशवी नाही, ही एकच अट पहिल्या दिवसापासून ठाम ठेवा. पिशवीत बांधून आलेला कचरा गोळा करणाऱ्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते सुधारता येत नाही. डबा धुवायला लागू नये म्हणून तळाशी वर्तमानपत्राचा कागद घडी घालून ठेवायला सांगा, तोही खतात जातो. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्यांच्या मागे लागू नका. आयएस १७०८८ प्रमाणपत्राची खरी पिशवी मोठ्या औद्योगिक ढिगाच्या उष्णतेत कुजते, तुमच्या टाकीत तिचे तुकडे महिनोन्महिने तसेच राहतील.

टाकीत सगळ्यात जास्त सापडणारं प्लॅस्टिक कुठलं असेल तर दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. नखाएवढा तो तुकडा सिंकमध्ये पडतो, तिथून सालींबरोबर डब्यात जातो आणि शेवटी चाळणीच्या जाळीत अडकून बसतो. हातानं वेचायचा झाला तर तासाभराचं काम. उपाय घरात आहे: पिशवीला चीर द्या, कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, म्हणजे तो पिशवीबरोबरच सुक्या कचऱ्यात जाईल. यानंतर नंबर लागतो फळांवरच्या स्टिकरचा, रबरबँडचा, टी-बॅगच्या पिनांचा आणि हारातल्या दोऱ्याचा. निर्माल्य घ्या, पण दोरा, जर आणि प्लॅस्टिकची फुलं घरीच काढून. दोरा दाताळ्याच्या दातांत गुंडाळला जातो आणि ढीग उलटणं नकोसं करून टाकतो.

घरच्या यादीत हे लिहा: भाज्या-फळांच्या साली, देठ, उष्टं-शिळं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, निर्माल्य, कुंड्यांतली पानं चालतील. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे, ओल्यात कधीच नाही. करवंट्या, शहाळी, मोठी हाडं यांची वेगळी टोपली, कारण त्यांना कुजायला वर्ष-दोन वर्षं लागतात. आमटी-रस्सा गाळून द्या, पाणी सिंकमध्ये आणि चोथा डब्यात. तळणीचं तेल अजिबात नको. मटण-मासळीचे अवशेष चालतात, पण त्याच सकाळी ढिगाच्या मध्यात पुरले जाणार असतील तरच. सुरुवातीचे तीन महिने मी तेही टाळायला सांगेन.

प्रचाराबाबत एक गोष्ट कमिट्या विसरतात. बहुतेक घरांत कचरा वेगळा करणारा हात घरकामाला येणाऱ्या मावशींचा असतो. सभा रविवारी संध्याकाळी, व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रं, आणि मावशींना कुणी काहीच सांगितलेलं नाही, असं झालं की उरलेली पोळी चकचकीत फॉइलसकट डब्यात पडते. एका दिवशी सकाळी ११ वाजता, त्यांच्या सोयीच्या वेळी, गेटजवळ पंधरा मिनिटं सगळ्याजणींना बोलवा आणि खरा कचरा हातात धरून दाखवा. बोलून सांगण्यापेक्षा ते लवकर पोचतं.

गोळा करणारा माणूस कोण, हा पुढचा प्रश्न. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आधीपासून येतात. त्यांना बाजूला सारून नवा ठेकेदार आणू नका. त्यांना वर्गीकरणाचा अनुभव आहे आणि सुका कचरा विकून त्यांचं घर चालतं. खताचं काम त्यांच्याचकडे द्या, वाढलेल्या वेळेचा मोबदला वेगळा ठरवा आणि तो दरमहा ठरल्या तारखेला द्या. १०० घरं, एका घराला पाऊण मिनिट, म्हणजे सव्वा तास गोळा करायला. मोठे तुकडे कापणं, टाकी भरणं, झाडलोट मिळून आणखी दीड तास. रोज पावणेतीन-तीन तासांचं पक्कं काम आहे, ‘जाता जाता करून टाक’ म्हणण्याजोगं नाही. रबरी हातमोजे, गमबूट, चाळताना लावायला एन९५ मास्क, हात धुवायला नळ आणि साबण, धनुर्वात आणि हेपॅटायटिस बीची लस हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

वेळ सकाळी ७ ते साडेआठ. चाकं असलेले दोन डबे, प्रत्येकी १२० लिटरचे, एकात ओला आणि एकात त्यातून वेचलेल्या चुकीच्या वस्तू. लिफ्टमध्ये पाणी गळू नये म्हणून ओल्या डब्याच्या तळाशी आधी दोन बोटं वाळका पालापाचोळा. घरचा डबा झाकण उघडून ओतायचा, मिसळलेला दिसला तर न ओतता परत ठेवायचा आणि यादीत त्या फ्लॅटपुढे खूण करायची. भांडण तिथे दारात करायचं नाही, ते काम गोळा करणाऱ्याचं नाही. संध्याकाळी कमिटीतल्या एकानं त्या घरी जाऊन नेमकं काय चुकलं ते सांगायचं. दंडापेक्षा ही संध्याकाळची फेरी जास्त कामाची आहे.

सगळी सोसायटी एकदम सुरू करू नका. एक विंग घ्या, २५ घरं, तीन आठवडे. रोजचं वजन, किती घरांनी दिला, किती परत केले, एवढे तीन आकडे वहीत. परत केलेले डबे सलग आठवडाभर दिवसाला दोनच्या वर गेले नाहीत की पुढची विंग जोडा. आणि महिना निवडताना पंचांगाइतकंच हवामान पाहा. नोव्हेंबर ते जानेवारी हा सुरुवातीचा उत्तम काळ: हवा कोरडी, माश्या कमी, आणि हात बसेपर्यंत फेब्रुवारी-मार्चची पानगळ समोर येते. जूनमध्ये उद्घाटन करणाऱ्या सोसायट्या ऑगस्टमध्ये कुलूप लावताना दिसतात.

टाक्या

६० किलो रोजच्या हिशेबानं ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच अशा पाच टाक्या पुरतात, वर सांगितलेली पाव हिस्सा जास्तीची जागा याशिवाय. त्याचं गणित असं: ओल्या कचऱ्याचं वजन घनमीटरला साधारण ५०० किलो, म्हणजे रोज १२० लिटर. त्यात कोरडा माल. पण ढीग खचतो आणि पंधरा दिवसांचा भरणा दीड घनमीटरच्या आत बसतो. टाकीची वरची अर्धा फूट सोडून तेवढीच जागा उरते. एक टाकी भरायला १५ दिवस, मग ती ४५ दिवस मुरायला. चार टाक्यांत हे चक्र बसतं, पाचवी माल उलटण्यासाठी कायम रिकामी. पाचवी टाकी ‘वाया’ म्हणून कापू नका, ती नसेल तर उलटायला जागा नाही आणि न उलटलेला ढीग मध्यभागी कुजण्याऐवजी सडतो.

भिंती चार इंची, विटांमध्ये एकाआड एक फटी सोडलेल्या. समोरची बाजू उघडता येईल अशी, लाकडी फळ्या खाचेत सरकवून, नाहीतर फावडं मारायला माणसाला आत उतरावं लागतं. तळ काँक्रीटचा, समोर फुटाला पाव इंच उतार आणि शेवटी पन्हाळ. मातीचा तळ ठेवला तर घुशी खालून बोगदा काढतात. फटींना आतून अर्धा इंची वेल्डमेश जाळी, हीही घुशींसाठीच. हवा बाहेरून फूट-दीड फूटच आत शिरते, म्हणून टाकीच्या मधोमध ४ इंची पीव्हीसी पाइप उभा करा, त्याला दर वीतभर अंतरावर अर्ध्या इंची भोकं पाडा आणि वरचं तोंड जाळीनं बांधा. छप्पर पत्र्याचं, चारी बाजूंनी दोन फूट पुढे आलेलं. पुण्याचा पाऊस तिरका येतो, फुटाच्या वळचणीनं भागत नाही.

जागा निवडताना खिडक्यांपासून २० फूट, बोअरवेल आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासून ५० फूट दूर. नळ आणि दिवा हवा. पोडियमवर बांधायचं मनात असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, कारण भरलेली एक टाकी विटांचं वजन सोडूनही टनभर भरते. पन्हाळीतलं गळणारं पाणी पावसाळी गटारात सोडू नका. ते बादलीत धरून ढिगाच्या कोरड्या भागावर परत शिंपडा. झाडांना थेट घातलं तर क्षार आणि आम्लानं पानं करपतात. गळती रोज अर्ध्या बादलीच्या वर जात असेल तर तो कोरडा माल कमी पडल्याचा इशारा समजा.

रोजची भरणी

तळाशी सहा इंच जाडसर माल: काटक्या, नारळाच्या शेंड्या, छाटणीच्या फांद्यांचे तुकडे. त्यातून हवा खालूनही खेळते. मग रोजचा कचरा. कलिंगडाची साल, कोबीचा गड्डा, मक्याची कणसं, केळीचा खांब कोयत्यानं दोन इंचांचे तुकडे करून. सगळं बारीक वाटायचं नाही, लगदा झाला की हवा कोंडते. कचरा टाकीत पसरायच्या आधीच घमेल्यात कोरड्या पानांबरोबर मिसळून घ्या, थरावर थर देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. शेवटी वरून दोन बोटं कोरड्या मालाचं पांघरूण. टाकीकडे वरून पाहिल्यावर अन्नाचा एकही कण दिसता कामा नये. माश्यांवरचा निम्मा इलाज इथेच होतो.

कोरडा माल किती, याचं उत्तर पाण्यात आहे. ढिगात ५० ते ६० टक्के ओल हवी आणि कचरा ७५ टक्क्यांचा येतो. केवळ कागदावर ६० टक्क्यांवर आणायचं तर ६० किलोला १८ किलो वाळकी पानं लागतील. प्रत्यक्षात ढीग तापतो, वाफ जाते, त्यामुळे उन्हाळा-हिवाळ्यात १० ते १२ किलो पुरतात. दिसायला हे साधारण कचऱ्याएवढ्याच आकारमानाचं होतं, एक बादली कचरा तर एक बादली चुरडलेली पानं. याच पानांनी कर्ब-नत्राचं (कार्बन आणि नायट्रोजनचं) गुणोत्तरही २५ च्या आसपास येतं. मोजायची गरज नाही. मूठभर माल घट्ट पिळा: बोटांच्या बेचक्यात एखाद-दुसरा थेंब दिसला तर बरोबर, धार लागली तर पानं वाढवा, मूठ उघडताच माल भुरभुर सुटला तर पाणी शिंपडा.

विरजण म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या पावडरी आणि द्रव्यं पहिल्या टाकीपुरतीच. त्याऐवजी किलोभर ताजं शेण दहा लिटर पाण्यात कालवून शिंपडलं तरी तेच काम होतं. दुसऱ्या टाकीपासून पहिल्या टाकीतलं अर्धवट मुरलेलं खत दोन फावडी घाला, दही लावल्यासारखं. दरमहा पावडर घेण्याचा करार कुणी पुढे केला तर सही करू नका.

टाकी भरत आली की तापमान पाहा. दीड फूट दांड्याचा डायल थर्मामीटर घ्या. नाहीतर लोखंडी सळई मध्यात पाच मिनिटं खुपसून बाहेर काढा, हातात धरवत नाही इतकी तापली असेल तर ढीग चांगला चालू आहे. ५५ ते ६५ अंश हवं. ५५ च्या वर सलग तीन दिवस राहिलं की रोगजंतू आणि तणांची बहुतेक बियाणं मरतात. ढिगाच्या कडा थंड असतात, म्हणून उलटताना बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर असा फिरवा. भरणी संपल्यावर पहिला उलटा लगेच, दुसरा दहा-बारा दिवसांनी, तिसरा त्यानंतर दोन आठवड्यांनी. ७० अंशांवर गेलं तर तातडीनं उलटा, तेवढ्या उष्णतेत कामाचे जिवाणूही मरतात. गांडुळं या गरम ढिगात सोडू नका. आयसेनिया फेटिडा जातीला ३० अंशांच्या आतलं तापमान मानवतं. सवलतीसाठी गांडूळखतच दाखवायचं असेल तर ४५ दिवसांचा थंड झालेला माल वेगळ्या वाफ्यात घालून त्यात सोडा.

पावसाळ्याची बेगमी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच सर्वात कमी लक्ष जातं. जून ते सप्टेंबर रस्त्यावरची पानं ओली, हवा दमट, ढिगातली वाफ उडत नाही, आणि कोरड्या मालाची गरज दीडपट. १२० दिवसांना रोज ८ किलो पानं आणि ३ किलो कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धरलं, आणि उरलेली गरज खाली सांगितलेल्या चाळणीतल्या जाड मालावर भागवली, तर जवळपास एक टन पानं आणि ३६० किलो कोकोपीट लागेल. दाबून भरलेल्या धान्याच्या गोणीत १० ते ११ किलो चुरडलेली पानं मावतात, म्हणजे नव्वद ते शंभर गोण्या. फेब्रुवारी ते एप्रिल कडुलिंब, पिंपळ, रेन ट्री यांची पानगळ असते, तेव्हाच त्या भरून शिवून ठेवल्या पाहिजेत. जिन्याखाली ठेवू नका, आगीचा धोका आहे. टाक्यांजवळच उंच चौथऱ्यावर, छपराखाली, विजेच्या तारांपासून दूर. शेजारच्या बंगल्यांतून पानं मागून घ्या, नाहीतर तिथे ती जाळली जातात.

खर्च वाचवणारी एक युक्ती चाळणीतून निघते. चाळल्यावर जे जाड उरतं, काटक्या, शेंड्या, अर्धवट कुजलेल्या साली, ते फेकू नका. ते कोरडं, भुसभुशीत आणि जिवाणूंनी भरलेलं असतं. रोज पाच-सहा किलो परत भरणीत घाला, पानांची गरज तेवढी कमी होते आणि विरजणही आपोआप लागतं.

बिघाड ओळखायचा तो नाकानं. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही: ढीग उलटा, जाडसर कोरडा माल मिसळा. आंबट वास भात, फळं, शिळं अन्न जास्त झाल्याचा, विशेषतः कुणाच्या घरच्या समारंभानंतर. असं अन्न एका जागी ओतू नका, तीन-चार दिवसांत वाटून, दुप्पट पानांबरोबर घाला. नाकाला झोंबणारा तिखट वास अमोनियाचा, नत्र जास्त झालं आहे, लाकडाचा भुसा किंवा पानं वाढवा. चुना टाकून वास मारायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, चुन्यानं अमोनिया उलट जास्त सुटतो. ढीग तापतच नसेल तर आधी मूठ पिळून पाहा, कोरडा पडला असण्याची शक्यता मोठी.

अळ्यांनी लोक घाबरतात. करड्या-तपकिरी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, कचरा झपाट्यानं खातात आणि त्यांची माशी घरात शिरत नाही. बारीक पांढऱ्या वळवळणाऱ्या अळ्या घरमाशीच्या, त्या उघड्या अन्नावर होतात. दोन्हींची संख्या वाढली याचा अर्थ ओल जास्त झाली. वरचा सहा इंचाचा थर ढिगाच्या तापलेल्या पोटात गाडा आणि जाड पांघरूण घाला. कीटकनाशक फवारलं तर कुजवणारे सूक्ष्मजीव आणि किडेही मरतात, आणि ते खत भाजीच्या कुंडीत घालता येत नाही. चिलटं मात्र बहुतेक वेळा घरच्या डब्यातूनच अंडी घेऊन येतात, त्यावर उपाय डबा रोज रिकामा करणं.

काढणी

६० दिवसांनी माल गडद तपकिरी, हाताला मातीसारखा आणि पहिल्या पावसाच्या वासाचा झाला पाहिजे. सावलीत पसरून दोन दिवस वाळवा, मग ४ ते ६ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, ओला माल चाळणीत लिंपतो. महिन्याच्या १८०० किलो कचऱ्यातून २७० ते ३६० किलो चाळलेलं खत मिळेल. तयार झालं का हे पाहायला दोन चाचण्या पुरतात. मूठभर ओलसर खत घट्ट बंद पिशवीत आठवडाभर ठेवा, उघडल्यावर दुर्गंधी आली तर अजून मुरवा. दुसरी, निम्मं खत आणि निम्मी माती मिसळून त्यात मेथीचे वीस दाणे पेरा, शेजारी नुसत्या मातीत वीस. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखे उगवले, मुळांची टोकं काळी पडली नाहीत, की खत द्यायला हरकत नाही.

शिजवलेल्या अन्नात मीठ असतं, त्यामुळे सोसायटीच्या खतात क्षार थोडे जास्त निघतात. वर्षातून एकदा माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या. विद्युतवाहकता (क्षारांचं माप) ४ डेसिसायमन प्रतिमीटरच्या आत, सामू (पीएच) ६.५ ते ७.५ आणि कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या खाली हवं, खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी हेच निकष आहेत. कुंडीत चार भाग मातीला एक भाग खत, नुसत्या खतात रोप लावू नका.

दरमहाचं तीनशे किलो खत सोसायटीच्या बागेत पहिलं वर्षभरच खपतं, पुढे ते साठू लागतं. सुरुवातीलाच जवळच्या रोपवाटिकेशी किंवा गच्चीवर बाग करणाऱ्या मंडळींशी बोलून ठेवा. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घराला दोन किलोची पिशवी गेटवर द्या. ज्या घरांचे डबे यादीत खुणा होऊन परत जातात, त्यांनाही द्या. त्या पिशवीत दुधाच्या पिशवीचा एखादा कोपरा राहिला असेल तर तो त्यांना स्वतःच्या कुंडीत दिसेल.